प्रलंबित पत्रे: निरंक

नान्ना, उद्या मी निवृत्त होते आहे. तुमच्याच खुर्चीवरून. म्हणजे खुर्ची मध्ये दोनदा बदलली, पण जागा तीच आहे, खिडकीकडे पाठ आणि दाराकडे तोंड. घरात आपण तेलुगू बोलायचो आणि तुम्ही वडील असलात तरी तेलुगूत मी तुम्हाला अरे-तुरेच करायचे. पण ती लिपी तुम्ही मला शिकवली नाहीत. सिस्टरांच्या शाळेत इंग्रजी शिकले, मराठी त्या शाळेत आणि गल्लीत मिळून आली, म्हणून आज तुम्हाला मराठीत अहो-जाहो करावं लागतंय. जरा परकं वाटेल. चालवून घ्या.

शाळा सुटली की मी निळ्या पिनाफोरमध्ये सरळ तुमच्या ऑफिसात येते. जिना चढताना टाइपरायटरचा आवाज येतो. आत सात माणसं आहेत: साहेब, तुम्ही, आणखी एक कारकून, टायपिस्ट बाई, कापड तपासणारे दोघं आणि सायकलवाले शिपाईमामा. परदेशातून कुणीतरी विचारतं की अमुक मापाचे टॉवेल तुमच्याकडे कोण विणून देईल. ते पत्र टाइप होतं आणि शिपाईमामा ते चार-सहा माग असलेल्या छोट्या कारखानदारांकडे पोचवतात, ज्यांना मुंबईचा दलाल दारात उभा करत नाही. त्यांची उत्तरं, त्यांचे नमुने या ऑफिसातून जातात. मला हे सगळं फार मोठं वाटायचं. महिनाअखेरीला तुम्ही मला अहवालाचा तक्ता भरायला द्यायचात. मी पेन्सिलीनं लिहायचे, तुम्ही तपासून वरून शाईनं गिरवायचात. एकदा ‘प्रलंबित पत्रे’ या रकान्यात मी ‘निरंक’ लिहिलं, कारण मला तो शब्द लिहायला आवडायचा. तुम्ही ड्रॉवर ओढलात. आत तीन पत्रं पडली होती. माझे कान लाल झाले. टायपिस्ट बाई हसल्या, म्हणाल्या, कॉन्व्हेंटचं पोरगं सरकारी कामात तयार झालं की. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, “आधी ड्रॉवर उघडायचा. मग निरंक लिहायचं. या पत्रासाठी कुणीतरी तिकडं माग थांबवून बसलेलं असतं.”

घरीही तुमचं ऑफिस संपायचं नाही. नमुन्याच्या टॉवेलचा बोटभर तुकडा कापून तुम्ही स्वयंपाकघरात यायचात, आईची परात पाण्यानं भरायचात आणि तुकडा अलगद वर सोडायचात. चांगला टॉवेल लगेच पाणी पितो आणि बुडतो. खळ राहिलेला नुसता तरंगत बसतो. आई भाकरीचं पीठ घेऊन मागे उभी. या परातीत सरकारी कामं नकोत, ती म्हणायची, सरकारनं वेगळी परात द्यावी. तुम्ही तिच्याकडे न बघता आकडे मोजत राहायचात आणि मी तुमच्याबरोबर श्वास रोखून.

तुम्ही नोकरीत असतानाच गेलात आणि मला अनुकंपा तत्त्वावर घेतलं. या ऑफिसात बाहेरून आलेलं शेवटचं माणूस मी. त्यानंतर परिपत्रक आलं की पुढील आदेश होईपर्यंत कोणतीही भरती करू नये. मी ते फाइलला लावलं. तुमच्या फाइलिंगप्रमाणे, वर उजवीकडे तारीख. पुढील आदेश काही आलाच नाही. कापड तपासणारे निवृत्त झाले, टायपिस्ट बाई गेल्या, शिपाईमामांच्या निरोपाला आम्ही तिघंच होतो. दर वेळी वाटायचं, आता तरी कुणी येईल. साहेबांची जागाही भरली नाही. तिचा कार्यभार पुण्यातल्या एका साहेबांकडे ‘अतिरिक्त’ म्हणून आहे, ते वर्षातून एकदा येतात आणि चहा छान होता म्हणतात. गेली काही वर्षं कुलूप मीच उघडते, झाडू मीच मारते, परदेशी ईमेलना उत्तर मीच लिहिते आणि रिक्त पदांचा अहवालही मीच पाठवते. गेल्या महिन्यात पत्र आलं की मी निवृत्त झाल्यावर माझं पद व्यपगत होईल. म्हणजे माणसाबरोबर जागाही गेली. वाईट वाटलं, पण खरं सांगते नान्ना, त्याहून जास्त थकवा आला. इतकी वर्षं मी जागा राखून बसले होते आणि ती कुणासाठी नव्हतीच.

पण हे सांगायला मी बसले नव्हते.

शहराच्या पूर्व भागातली एक बाई आहे. नवरा गेल्यावर चार माग तीच चालवते. माझ्याच वयाची असेल, पण मला अक्का म्हणते. परदेशातल्या एका हॉटेलवाल्यांना हात पुसायचे छोटे टॉवेल हवे होते. मी तिला सांगितलं, तिनं नमुना विणला, काठाला बारीक चौकडी घातली. मी तो घरी आणला, परातीत तुकडा टाकला आणि तो पाचही मोजायच्या आत बुडाला. नमुना पाठवला. त्याच सुमारास मला मतदार याद्यांच्या कामावर लावलं. दुसरं माणूस नसल्यानं तीन आठवडे ऑफिसला कुलूप, आणि ऑफिसची मेल ऑफिसातल्याच कॉम्प्युटरवर. मी दारोदार फिरून लोकांची नावं, वयं तपासत होते. परत आले तेव्हा हॉटेलवाल्यांची मेल येऊन पडली होती. नमुना पसंत आहे, रंग उतरत नाही याचा दाखला पंधरा दिवसांत पाठवा. दाखला तीन दिवसांत मिळाला असता. पंधरा दिवस उलटून गेले होते. मी माफी मागून लिहिलं. त्यांनी सभ्यपणे कळवलं की दुसरीकडे काम दिलं. ती मेल मी छापून घेतली, तुमच्या सवयीनं, आणि ड्रॉवरमध्ये ठेवली. महिनाअखेरीला प्रलंबितच्या रकान्यात लिहिलं, निरंक. तिनं विचारलं तेव्हा म्हटलं, अजून काही आलं नाही. असं चार महिने चाललंय.

आज दुपारी ती आली. जिना चढून धाप लागलेली, हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी.

“तुमी चाललाव म्हणं, अक्का. काय द्यावं कळंना. त्या नमुन्याच्या जोडीचा ठेवला होता, तोच आणला.”

मी घेतला. ती समोरच्या रिकाम्या खुर्चीवर बसली, ऑफिस लई शांत झालंय म्हणाली. मग म्हणाली, “त्यो तिसरा माग तसाच ठेवलाय बगा. ताण्याचं सूत काढलं न्हाय. चिठ्ठी आली की लगेच चालू करता येतंय की.”

त्या मागावर ती दुसरं काहीही विणू शकली असती. चार महिने.

“आता नवीन माणूस येईल,” मी म्हणाले. “तो बघेल.”

“कोण येणार हाय ओ?”

“येईल कुणीतरी.”

“तुमच्यासारकं उत्तर देनारं यावं म्हंजे झालं,” ती म्हणाली. “मदी तीनदा येऊन कुलूप बगून गेले मी. तवा म्हटलं, अक्का न्हाय तर ऑफिस न्हाय.” तिनं हे चांगल्या मनानं म्हटलं. मी तिला जिन्यापर्यंत सोडायला गेले.

परत येऊन ड्रॉवर उघडला. मेलचा कागद होता तिथेच होता. शेवटच्या अहवालाचा तक्ता समोर आहे, उद्या तो जाईल आणि तो वाचायला तिकडेही कुणी असेल की नाही, माहीत नाही. प्रलंबितच्या रकान्यात मी ‘एक’ लिहिलं. कारणाच्या रकान्यात ‘कर्मचारी उपलब्ध नसल्याने’ लिहून खोडलं. ते खरं आहे, पण चार महिन्यांचं ते कारण नाही. ‘माझ्याकडून राहिले’ असं लिहिलं. टॉवेल अजून कागदातच आहे. तिचा फोन नंबर टेबलाच्या काचेखाली आहे, मला तो पाठही आहे, आणि तासभर झाला, मी तुम्हाला पत्र लिहीत बसले आहे.

आणि नान्ना, तो ‘एक’ मी पेन्सिलीनं लिहिला आहे.