थोरल्या अस्लाकने उचललेलं घर

प्रिय रागना,

हे पत्र आमच्या टोळीतल्या क्नुटआजोबांच्या हाती पाठवतोय. त्यांच्यासमोर फाडू नकोस, म्हाताऱ्याला वाईट वाटेल. ते गेल्यावर काय ते कर.

लाउरित्सशी तुझी सोयरीक ठरली हे मला कॉलेजात कळलं, तेही आईच्या पत्रात, गाय व्यायल्याच्या बातमीखाली. त्याआधीच्या महिन्यात तू 'थांबते' असं लिहिलं होतंस. पाद्री व्हायला दीड वर्ष उरलं होतं. ग्रीकचं पुस्तक बाकावर उघडंच टाकून मी निघालो. सगळे म्हणतात, हाल्वरचं डोकं तापट. आहेच. ते कुणामुळे तापलं, हे मात्र कुणी विचारत नाही.

तेव्हापासून मळणीच्या टोळीत आहे. दुपारी काडाच्या गंजीच्या सावलीत जेवायला बसलो की त्या डोंगराएवढ्या थोरल्या अस्लाकच्या गप्पा निघतात. आपली रीत तुला ठाऊक आहे: एकाने सांगायचं, शेजारच्याने भर घालायची. कुणी 'खोटं' म्हटलं की गोष्ट तिथेच मोडते, आणि म्हणणाऱ्याने सगळ्यांच्या ताटल्या घासायच्या. आपला माळ इतका सपाट का, तर अस्लाक इथे पहिल्यांदा आला तेव्हा दमून आडवा झाला आणि आठवडाभर कुशी बदलत राहिला. कोपर टेकलं तिथे तळं झालं. वावटळीला शेपटीला धरून त्याने विहीर खणली, आणि पाणी लागल्यावर वावटळ झटकून दोरीवर वाळत घातली. माझ्या अस्लाकवर टोळी खूश आहे. स्वैपाकीण ओलिना म्हणते, "हा पाद्री झाला असता तर चर्चमध्ये कुणाचा डोळा लागला नसता."

गेल्या शनिवारी मी नवी गोष्ट काढली. अस्लाकला एक बुटका भेटतो, मिशांना मेण लावणारा. सरकार म्हणतं, एकशेसाठ एकर फुकट हवेत तर त्यावर घर हवं, आणि घरात राहणारं माणूस हवं. बुटक्याकडे घर एकच, निळ्या दाराचं, चाकांवरचं. तो म्हणतो, "दादा, एवढं जरा उचलून तिकडे ठेवता का?" अस्लाक चिमटीत धरून ठेवतो. बुटका बायबलवर हात ठेवून शपथ घेतो, हे माझं घर. मग, "दादा, आता भावाच्या जमिनीवर." मग, "आता मेलेल्या काकाच्या." अस्लाक विचारतो, "अरे, पण काका झोपतात कुठे?" बुटका म्हणतो, "तिथेच, खाली. त्यांना घर नको, फक्त शपथ हवीय."

टोळी लोळून हसली. लाउरित्सचं नाव घ्यावंच लागलं नाही. त्याच्या बैलांमागून ते घर माळावर हिंडताना कुणी पाहिलं नाही?

त्या दिवशी पंगतीला एक पाहुणा होता, शहरी कोटाचा, बग्गीचा दांडा मोडला म्हणून थांबलेला. तोही हसला. ताटलीतला रस्सा पावाने पुसत त्याने सहज विचारलं, "चाकं किती म्हणालात घराला?"

"चार."

"आणि दार निळंच?"

"निळंच," मी म्हणालो.

तो जमीन-कचेरीचा तपासनीस आहे हे मला नंतर कळलं, असं तुला लिहिणार होतो. ते खरं नाही. बग्गीतली कचेरीची वही मी जेवणाआधीच पाहिली होती. गोष्ट मी त्याच्याचसाठी काढली.

तिथेच संपतं तर मी हे पत्र लिहिलं नसतं. पण पुढची पाळी क्नुटआजोबांची. पाहुणा कोण, हे त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक. म्हणाले, "मग अस्लाकने ते घर ओढ्याकाठच्या एकट्या झाडापाशी नेलं, बुटक्याच्या नवरीच्या जमिनीवर. शपथ घेताना ती इतकी लाजली की निळं दार लाल झालं."

ओढ्याकाठी एकटं झाड या मुलखात एकाच जमिनीत आहे, रागना. पाहुण्याने वही काढून ते टिपून घेतलं. मी 'खोटं' म्हणायला हवं होतं. ताटल्या घासाव्या लागल्या असत्या, एवढंच. शब्द ओठावर आला आणि मी तो गिळला. मनात म्हटलं, जाऊ दे तिचीही जमीन. तिनेही त्याच्याच घरात उभं राहून शपथ घेतली ना. दुसऱ्या कुणी सांगण्याआधी हे मीच तुला सांगतोय.

तपासनीस गुरुवारी येतोय. रविवारपासून मी तुझ्या जमिनीवर आहे, नांगराने हरळीसकट मातीचे पट्टे कापतोय आणि भिंती रचतोय. आज त्या खांद्यापर्यंत आल्या, उद्या छप्पर चढेल. अंथरूण घेऊन ये, चूल पेटव, राहायला लाग. तो विचारील ते खरं सांग. चूल पेटवून बसलेल्या बाईला तो बहुधा उठवणार नाही. आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. लाउरित्सला हे कळवलंस तर त्याच्याकडे माणसं आहेत, तोही दोन झोपड्या उभ्या करील आणि सुटेल. नाही कळवलंस तर त्याचं सगळं जाईल, आणि ते तुझ्या गप्प बसण्याने जाईल. त्याला एकट्याने बुडवून माझं पोट भरत नाही. मला तू गप्प बसलेली हवी आहेस.

चिखलाच्या हातांनी, अजूनही
तुझाच,
हाल्वर