लॉरीचं ताट

अक्का, तुला लिहायला बसलो आणि दोनदा उठून बाहेर जाऊन आलो. एकदा चहाला, एकदा उगाच. तू म्हणाली असतीस, "ह्याच्या पायाला भिंगरी हाय."

बालगृहात नवीन पोर आलं की तू त्याला भांड्यांच्या दुकानात न्यायचीस आणि त्याच्या ताटावर चित्र कोरून घ्यायचीस. सगळ्यांना कुठं वाचता यायचं, म्हणून नाव नाही, चित्र. कुणाचा मोर, कुणाचा पेरू. मी लॉरी सांगितली. दुकानदार हसला, तू नाही. "लॉरी कामून रे? आत्ता तर आलास, लगेच पळून जायलास?" स्वयंपाकघराच्या दारातून हायवे दिसायचा. मी जेवताना तिकडंच बघत बसायचो, मग तू तव्यावरची भाकरी आणून नेमकी चित्रावर ठेवायचीस. "घे, गाडी अडवली. आता खाली बघून जेव." पोरं खिदळायची. मी कडेची भाकरी आधी तोडायचो, चाकं मोकळी करायला.

अठरा पूर्ण झाल्यावर मी पेटी भरतोय, तर तू त्यातून ताट काढून घेतेस. "माझं हाय ना, अक्का?" "व्हय, तुझंच. म्हणून तर इथं राहील. जेवायला यायचं." मी रागानं निघालो. हुमनाबादचा धाबा, मग लॉरीवर क्लीनर. तिथला ड्रायव्हर झोपेत तेलुगू बोलायचा, जागेपणी कुणाशीच नाही. ते जाऊ दे. कुठलंही काम सोडताना मला कधी भीती वाटली नाही. माझं ताट एका फळीवर उपडं आहे, हे माहीत होतं. तू गेलीस तेव्हाही मी वाटेतच होतो. नंतर आलोच नाही, पण ताट होतं.

मागच्या महिन्यात निरोप आला, बालगृह बंद व्हायलंय, आपापली ताटं घेऊन जा. ताट आणलं तर परत जायला काय उरलं? हुमनाबाद स्टँडवर दोन बसा सोडल्या, तिसरीत चढलो. तुझ्या जागी आलेल्या अक्कांनी मला आधी कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी ताट पदरानं पुसलं आणि विचारलं, "लॉरी तुम्हीच का? लई वाट बघायला लावलात की!"

ताट पिशवीत घालून काही दिवस हिंडलो. पाऊल टाकलं की पेटीच्या चावीला लागून वाजायचं. शेवटी कोळारात खोली घेतली. मालकाला सांगितलं, गोदामाचं काम जवळ पडतं. खरं म्हणजे ताटाला फळी पाहिजे होती.

हे पत्र कुठं टाकणार, फळीवरच ठेवतो. आज पहिल्यांदा भाकरी थापली. एका बाजूनं करपली, पण चित्रावरच ठेवली, तू ठेवायचीस तशी. एक सांगतो, रागावू नकोस. माझी भाकरी लहान झाली, अक्का. पुढची चाकं बाहेरच राहिली.