लेबल बदललेली वाफ

रेडमंड, २१ सप्टेंबर २००८

आदरणीय एकनाथ भाऊजींना कौसल्यावहिनीचा मनापासून जय भीम. माझ्या धाकट्या जावेला, शीलेला, आशीर्वाद.

मी इथे खुशाल आहे. गुडघे कुरकुरतात, पण ते भंडाऱ्यातही कुरकुरत होते, त्यांना वेगळा व्हिसा लागला नाही. तुमची तब्येत कशी आहे ते कळवा. नुसतं ‘ठीक आहे’ लिहू नका. मागच्या रविवारी शीला फोनवर तुम्ही अगदी ठणठणीत आहात असं सांगत होती, तेवढ्यात मागून तुम्ही खोकलात. (तिचं बोलणं मला ऐकू आलं नाही, इतका मोठा ठणठणीतपणा होता.)

एप्रिलमध्ये नागपूरच्या विमानतळावर माझी बॅग काट्यावर चढवताना तुम्ही काय म्हणालात ते आठवतं ना? “वहिनी, अमेरिका बघून या. पण पोराची सिगारेट सोडवायला चालले हे कुणाला सांगू नका, लोक हसतील. दादाची सुटली का?” मी गप्प बसले. पुढे दोन विमानांत मिळून वीस तास गप्प बसले. आता उत्तर देते. विनयची सुटली. शेवटची सिगारेट ओढल्याला आज अकरा आठवडे झाले. हे वाक्य शीलेला मोठ्याने वाचून दाखवा, आणि मग पुढचं वाचा.

मी आले तेव्हा प्रकार असा होता. इथे ऑफिसात सिगारेट ओढणाऱ्याला दारापासून पंचवीस फूट लांब जावं लागतं, तसा कायदाच आहे. या गावात पाऊस सुरू झाला की थांबायचं विसरतो. म्हणजे एवढा शिकलेला माझा मुलगा, ज्याच्या हाताखाली नऊ माणसं आहेत, तो एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात सिगारेट घेऊन मोटारींच्या रांगेत उभा असायचा. घरी सुनेचा, म्हणजे हर्षिताचा, कायदा ऑफिसहून कडक. गॅरेजच्या बाहेरची पायरी, तिच्या अलीकडे नाही. मला वाटलं, एवढ्या छळाने दगडसुद्धा सिगारेट सोडेल. पण तो दादांचा मुलगा.

मे महिन्यात एका संध्याकाळी मी वरण फोडणीला टाकत होते. वळून बघते तर विनय सोफ्यावर, थेट तुमच्या दादांच्या फोटोखाली बसून धूर सोडतो आहे! टोकाला लाल ठिणगीसुद्धा. मी काही विचारलं नाही. गेले, तोंडातून ती काढली आणि भांडी भिजत घातलेल्या पाण्यात बुडवली. तो ओरडला, “आई! अगं तो धूर नाहीये, वाफ आहे! इलेक्ट्रॉनिक आहे ती, चायनाहून मागवली, तीन आठवडे वाट बघितली मी!” मी म्हटलं, वाफ असेल तर पाण्यात दुखायचं कारण नाही. सहा वर्षांची रेणू टाळ्या पिटत म्हणाली, “डॅडी इज अ केटल!” (तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र असं येतं.) ती वस्तू काही परत पेटली नाही. सिगारेट सोडायला निघालेल्या मुलाचं औषध मीच भांड्यांच्या पाण्यात बुडवलं, हे कबूल करते. दुसरी यायला पुन्हा तीन आठवडे लागले, आणि त्या तीन आठवड्यांत त्याने रागाने दुप्पट ओढल्या.

दुसरी आली. पांढरी नळी, मागे एक छोटी कुपी खोचायची, कुपीत तंबाखूचा अर्क. हिने सिगारेट सुटते का, असं मी हर्षिताला नेटवर शोधायला लावलं. विकणारे म्हणतात सुटते, डॉक्टर म्हणतात अजून कुणी नीट तपासलेलं नाही. तेव्हा मीच तपासायचं ठरवलं. निकाल पहिल्या पंधरवड्यातच लागला. घरात वाफ, बाहेर धूर! आधी निदान घरात तरी तोंड रिकामं असायचं. एक सुटून दुसरी लागली असती तर समजले असते, याने सवत घरात आणली होती.

मग मी एक गोष्ट केली, ठरवून केली नाही. जून संपता संपता तो पायरीवर सिगारेट पेटवून बसला होता, मी जाऊन शेजारी बसले. बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. हाताशी मेपलचं झाड, त्याची दोन-चार पानं तोडली आणि बोटं आपोआप चालू लागली. पान कापलं, वळलं, तोंड दुमडलं. चाळीस वर्षांपूर्वीची बोटं, पण बिडी बांधायचा दोरा मागत होती. विनय बघत राहिला. मी कधी बोलले नव्हते ते त्याला सांगितलं. मी वळलेल्या बिड्यांतल्या ज्या ठेकेदार छाट म्हणून परत फेकायचा, त्या तुमचे दादा ओढायचे. म्हणायचे, तुझ्या हातचं काही वाया जाऊ द्यायचं नाही. भाऊजी, त्यांच्या छातीत जे साठलं ते माझ्या हातचं होतं. पाच वर्षं झाली त्यांना जाऊन, रोज बुद्धवंदनेच्या वेळी हे मनात येतं आणि रोज मी वंदना पूर्ण करते.

दुसऱ्या दिवशी तो पायरीवर आला, मीही पानं घेऊन बसले. तिसऱ्या दिवशीही. आठवड्याने म्हणाला, “आई, प्लीज, ते वळू नकोस.” म्हटलं, तू बाहेर आलास की मी वळणार. तो उठून आत गेला आणि वाफ ओढत बसला. ती त्याची शेवटची सिगारेट, अर्धी राहिलेली. (पुढे दोन आठवडे तो माझ्याशी, हर्षिताशी आणि गवत कापायच्या यंत्राशी भांडला. ते यंत्र अजून बंद आहे.)

आता वाफ उरली. तिच्या कुपींचे डबे येतात, वर लेबल, हाय, मीडियम, लो आणि शेवटी शून्य. विनय ‘हाय’ सोडायला तयार नाही. म्हणे, “त्याच्याखालचं मला पुरणार नाही, आय नो मायसेल्फ.” इथे तो चुकला. लग्नाआधी दोन वर्षं मी कारखान्यात बिडीच्या बंडलांना लेबलं चिकटवली आहेत. एकाच सुपातली बिडी लाल लेबलातही जायची आणि हिरव्या लेबलातही, आणि बाहेर पानठेल्यावर माणसं भांडायची की लाल कडक आहे, हिरवी बायकी आहे. माणूस निम्मी तंबाखू ओढतो आणि निम्मं लेबल. हर्षिताने बाकीचे डबे स्वतःच्या ऑफिसच्या पत्त्यावर मागवले. मी चहाच्या वाफेवर रिकाम्या डब्यांची ‘हाय’ची लेबलं सोडवली, कणकेची खळ केली आणि ती आधी मीडियमच्या डब्यांवर चिकटवली, पंधरा दिवसांनी लोच्या, आणि ऑगस्ट लागताच शून्याच्या. कुपी सगळ्या सारख्याच दिसतात. हर्षिता म्हणाली, “आई, मला तुमची भीती वाटते.” इतक्या जुन्या कामाला अशी दाद कधी मिळाली नव्हती.

तुमच्या दादांच्या स्मृतिदिनी, सात सप्टेंबरला, खीर झाली, वंदना झाली, आणि विनय त्यांच्या फोटोसमोर म्हणाला, बाबा, सिगारेट सुटली, पण ही हाय काही सुटत नाही. मी म्हटलं, पाच आठवडे तू नुसती वाफ पितो आहेस. त्याला आधी कळेना. मग डब्यावरचं लेबल नखाने उचलून बघितलं. रागावला, मग विचारलं, “म्हणजे मी सोडली?” मी म्हटलं, सोडली. तो रडला. मी रडले नाही, मी खीर वाढली. मुलगा वाचला, भाऊजी. बाकीच्या जगाचं मला माहीत नाही. एक पोरगा म्हणजे संशोधन नव्हे, आणि प्रत्येक घरात लेबल लावणारी आई कुठून आणणार?

पत्र गिरीशजवळ देते आहे. हा विनयचा मित्र, दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाण्यासाठी नागपुरात येतो आहे.

तुमची,
कौसल्यावहिनी

ता. क. त्याच दिवशी विनयने माझ्या बॅगेतला गुडाखूचा डबा आणून खिरीशेजारी ठेवला आणि म्हणाला, “आता तू.” चाळीस वर्षं ती तंबाखू दातांना लावते आहे, कुणाला माहीत नाही असं मला वाटायचं. आज चौदावा दिवस. एरवी मी एका पानाचं पत्र लिहिते हे तुम्हाला ठाऊक आहे. बोटं कशात तरी गुंतवावी लागतात.

ता. क. गिरीशजवळ एक पांढरी नळी आणि ‘हाय’चे सहा डबे पाठवले आहेत, ते तुमच्यासाठी. दोन भावांतले तुम्हीच राहिलात. मी ऑक्टोबरच्या शेवटी येते, त्याआधी बिडी बंद. लेबलं खरी आहेत, विश्वास ठेवा.

ता. क. शीलेला वेगळं पत्र आहे. ते तिने तुम्हाला वाचून दाखवायचं नाही. खळ कशी करायची ते तिला येतंच.