राजाभाऊचा पहिला नंबर

नोएडा, शुक्रवार

तीर्थरूप चंद्रप्रभाताईस,

धीरजचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला? म्हशी विकल्यापासून गोठा रिकामाच आहे ना, आणि विहिरीकडच्या तुकड्यात अजून लसूणघास येतो का? (सहज विचारलं.) मी घोड्याचं नाव काढलं की तू फोन दाजींच्या हातात देतेस, म्हणून या वेळी पत्र लिहितो आहे.

राजाभाऊ आता सोळा वर्षांचा झाला. फौजेच्या घोडदळातून निवृत्त होऊन मी इथल्या रायडिंग क्लबात घोड्यांची निगा राखायला सईस म्हणून लागलो, त्याच आठवड्यात तो आला होता. पांढरा, हाडकुळा, आणि पाण्याचा खड्डा दिसला की चारी पाय रोवून उभा राहणारा. साहेबलोकांनी चाबूक, गाजर, गूळ, सगळं करून पाहिलं. मी खड्ड्यापलीकडे मांडी घालून बसलो आणि तुझ्या भावजयीने डब्यात दिलेली बाजरीची भाकरी त्याच्याकडे न बघता खायला लागलो. अर्धी संपेपर्यंत राजाभाऊ उडी मारून माझ्या शेजारी. (उरलेली अर्धी त्याने खाल्ली. मी उपाशी राहिलो, याची नोंद कुठे नाही.) पुढची दहा वर्षं अडथळ्यांवरच्या उड्यांत पहिला नंबर त्याचाच. बक्षिसाची लाल रिबिनीची फुलं घरात इतकी साठली की तुझी भावजय त्यांनी पडदे बांधते.

रिवाज असा, की पहिला आलेला घोडा रांगेत सगळ्यांच्या पुढे उभा राहतो, बँड वाजतो, पाहुणे त्याच्या लगामाला फूल लावतात आणि मग मैदानाला एक फेरी. दहा वर्षांत राजाभाऊने याचा अर्थ एवढाच लावला, की बँड वाजतो तो आपल्यासाठी.

गेल्या रविवारी दिल्लीच्या शोमध्ये त्याने तीन दांड्या पाडल्या. नववा आला. (गुडघे. तुझ्यासारखेच.) बँड सुरू झाला आणि हातातल्या दोरीसकट, म्हणजे माझ्यासकट, तो मैदानात शिरला, पहिल्या आलेल्या घोड्याला बाजूला सारून पुढे उभा राहिला आणि मान खाली घातली. पाहुण्या बाईंना काय ठाऊक, त्यांनी फूल लावून टाकलं. जिंकलेल्या घोड्याचे मालक म्हणाले, "भाईसाहब, ये क्या है?" मी म्हणालो, "सर, आदत है." फूल काढून परत दिलं, तर राजाभाऊ जागचा हलेना. लोक गेले, खुर्च्या उचलल्या, हा आपला मान खाली घालून उभा. शेवटी मी माझा लाल रुमाल त्याच्या लगामाला बांधला. तेव्हा कुठे त्याने लंगडत एक फेरी पुरी केली आणि मुकाट्याने गाडीत चढला. ताई, मला रडू आलं. फौजेत बावीस वर्षांत कधी आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी क्लबाचे मालक विश्वजित साहेब म्हणाले, आता याला सोडायला हवं. लग्नाच्या वरातींना घोडी पुरवणारा एक ठेकेदार न्यायला तयार आहे. (ही घोडी नाही, घोडा आहे, असं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "बारात में कौन देखता है?") माणूस वाईट नाही. पण तूच विचार कर. रोज संध्याकाळी बँड वाजणार, रोज राजाभाऊ मान खाली घालणार, आणि हार मात्र पाठीवर बसलेल्याच्या गळ्यात. त्याला कोण समजावणार? शनिवारपर्यंत दुसरी जागा मिळाली तर खुशाल ने, असं साहेबांनी मला सांगितलं आहे.

असो. काही मागायला हे पत्र लिहिलेलं नाही. सईसाने घोड्यात जीव गुंतवायचा नसतो, एवढं मला कळतं. दाजींना नमस्कार, आणि तुझ्या गुडघ्यांना तेल लाव.

तुझा,
धीरज

ता. क. माझ्या ताईने आनंदाने होकार दिला, असं मी साहेबांना सांगितलं आहे. तेवढं खरं कर.

ता. क. २. हे पत्र ट्रकच्या ड्रायव्हरकडेच देतो आहे, म्हणजे तू हे वाचतेस तेव्हा राजाभाऊ दारात आलेला असेल. सोबतच्या पिशवीत एक लाल फूल आहे. दाजींना थाळी वाजवायला सांग, नाहीतर तो खाली उतरायचा नाही. आधी त्याला फूल लाव. मग मला फोन करून हवं तेवढं बोल.