शेरदिलच्या नळीतला तडा

नाना,

मी बंदूकवाल्या दुकानदाराशी भांडायला चाललोय, जेवायला थांबू नका. काल म्हणालात, "शेरदिल स्वस्त आहे, पण सगळं गाव तीच ठासणीची बंदूक वापरतं." सकाळी मी नळीचा रंग खरवडला. कारखान्यात लूमच्या शाफ्टचा तडा शोधायला करतो तसं घासलेट लावलं, पुसलं, वर खडू घासला. लांबलचक तडा ओला उमटला! हरामखोरांनी तड्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वर काळा रंग फासलाय. थू!

शेरदिलची नळी फुटून पाटलांच्या पोराचा डोळा गेला, तेव्हाही तुम्ही म्हणालात, "त्यानंच दारू जास्त ठासली." आणि आता गावी रानडुकरांवर पहिला बार आपल्या पोरीच्या, सोनालीच्या हातून काढायचा म्हणता?

बंदूक कपाटात आहे. चावी सोनालीकडे दिलीय. आधी तिला त्या तड्याबद्दल स्वतः सांगा, मग चावी मागा.

गजू