चाळणीवरचा बिबा

॥ श्री ॥

अमरावती,
ता. १० जानेवारी १९६५

ती. सौ. सिंधूताईस,
चिंतामणचे सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. रागवायला याहून चांगलं कारण पुढे आहे. गाडी सुरू झाली! सेमाडोहला लाकडाच्या ठेकेदाराच्या कोठ्यात गवताखाली पडलेली ती साहेबाची दोन माणसांची एमजी मोटार, जिला तू भंगार म्हणालीस, ती काल बडनेऱ्याच्या रस्त्यावर अशी पळाली की एक म्हातारेबुवा सायकलवरून उतरून नमस्कार करून उभे राहिले.

कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचं सोडून मी रॉकेलनं हात धुतो, असं तू भाऊजींना म्हणालीस ते मला पोचलं. पण ऐक तरी. धरणावरच्या माती ओढायच्या यंत्रातला भंगारात निघालेला एक पंखा आम्ही हिच्या इंजिनाला बसवलाय. टर्बो म्हणतात त्याला. इंजिनाचा धूर एरवी फुकट जातो. इथे तो जाता जाता एक चाक फिरवतो, आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतं. हवा जास्त, म्हणून जाळ जास्त, म्हणून ताकद जास्त. तू चुलीत फुंकणी घालतेस ना, तसंच. फक्त इथे फुंकणारा म्हणजे चुलीचाच धूर.

यात गणित तेवढं माझं, हात सगळे सूर्यभानचे. हिवरखेडचा सूर्यभान, माझ्याबरोबर इंटरला होता तो. वडील गेल्यावर त्याचं शिक्षण सुटलं. ठिणगी किती उशिरा पाडायची, पेट्रोल किती वाढवायचं, हे तो इंजिनाच्या आवाजावरून ठरवतो आणि मी मागाहून कागदावर सिद्ध करतो. गाडीला अजून एक खोड आहे. पाय दाबला की क्षणभर काहीच होत नाही, आणि मग मागून लाथ बसल्यासारखी सुटते. सूर्यभान म्हणतो, आमच्या खुशालदादासारखी हाय, बोललेलं उशिरा पोचते, पन पोचलं का मंग घरात कोनी थांबत नाही.

नागपूरच्या मोटारींच्या कारखान्याचे मालक वामनराव फेब्रुवारीत चिखलदऱ्याच्या घाटात गाडी बघायला येताहेत. गाडी नीट चढली तर सूर्यभानला मुख्य कारागीर म्हणून ठेवून घेणार आहेत. त्याचे थोरले भाऊ खुशालराव यांनी त्याला पाडव्यापर्यंत सवड दिलीय. तोवर काही झालं नाही तर घरी येऊन शेती हाती घ्यायची, आणि त्यांच्याकडे पाडव्याला दिलेला शब्द वर्षभर फिरत नाही. म्हणजे सगळं त्या घाटावर आहे.

संक्रांतीला आम्ही दोघं गाडी घेऊन अकोल्याला येतो. तिळगूळ तयार ठेव. भाऊजींना नमस्कार. लोभ आहेच, तो रॉकेलच्या वासासकट सांभाळावा.

तुझा,
चिंतामण

॥ श्री ॥

अकोला,
ता. १७ जानेवारी १९६५

चि. चिंतामण यास,
सिंधूताईचे अनेक आशीर्वाद.

तुम्ही गेल्यापासून गल्लीत दुसरा विषय नाही. माणिकबाई तर विचारत होत्या की तुमचा भाऊ विमानाच्या खात्यात लागला का. मी नाही म्हटलं नाही.

पण एक हिशेब चुकता करायचाय. पंख्याच्या तोंडावर जी जाळी बसवलीयेस ती माझी गव्हाची चाळणी आहे. दिवाळीत तू आलास आणि ती गेली. मी आपली घरकामाला येणाऱ्या इंदूबाईवर संशय घेऊन बसले. तोंडानं काही बोलले नाही, पण तेव्हापासून तिच्या देखत कपाटाला कुलूप लावत होते. तिला काय कळलं नसेल? परवा तिला ओटीभर तिळगूळ दिला, तर तिनं तो पदरात बांधला आणि सरळ भांड्यांकडे वळली. ते काही मला बरं वाटलं नाही रे.

सूर्यभान मात्र गुणाचा मुलगा. तीन भाकरी खाल्ल्या आणि वर ठेच्याला नाव ठेवलं, की बाई, हा ठेचा हाय का चटनी, तिखट कुठं ठेवलं? चाळणी परत मागितली तर अगदी हात जोडले. म्हणाला, दुसरं काही मागा, हे नका मागू, हा पंखा असा ओढते का बारका खडा गेला तरी पात्यांचा भुगा होईन, चिंतामणलेही मी सांगून ठेवलं हाय का काही झालं तरी जाळी निघाची नाही. तेव्हा चाळणी दिली तुम्हाला. नवी घेईन.

बाकी, एवढे डोळे गाडीवर लागलेले मला काही बरे दिसले नाहीत. तुम्ही जेवत होतात तेव्हा मी माझ्यापरीनं बंदोबस्त केलाय. काय ते विचारू नकोस, तू पदार्थविज्ञानवाला, हसशील. घाट झाल्यावर सांगेन.

हळू चालव. अंगाखांद्यावर वाढवलेला तू एकच भाऊ आहेस मला, गाड्या पुष्कळ मिळतील. माया आहेच, पत्रांनी ती ताजी ठेवावी.

तुझी,
ताई

॥ श्री ॥

अमरावती,
ता. ९ फेब्रुवारी १९६५

ती. सौ. सिंधूताईस,
सा. न. वि. वि.

सगळं संपलं. परवा घाटात गाडी मोडली.

परतवाड्यापर्यंत छान आली. सूर्यभाननं तिथे सगळं तपासलं आणि तो ठेकेदाराच्या ट्रकनं वर जाऊन थांबला, कारण गाडीत जागा दोघांचीच. वामनराव माझ्याशेजारी. पहिली तीन वळणं अशी घेतली की त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. चौथ्या वळणावर पाय दाबला, पंखा जागा झाला, आणि पुढून असा आवाज आला की कोणी जात्यात खिळे घातलेत. मग ताकद गेली. पांढरा धूर आणि आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला.

गाडी येईना म्हणून सूर्यभान घाट उतरून चालत आला. वामनराव मला विचारत होते हे कशानं झालं. मी म्हणालो, बसवताना आत एखादा नट राहिला असणार. तेवढ्यात सूर्यभान पोचला होता, त्यानं ते ऐकलं. वामनराव म्हणाले, ज्याच्या हातून नट आत राहतो त्याच्या हाती मी गिऱ्हाइकाची गाडी कशी देऊ? सूर्यभाननं खांद्यावरचं फडकं घडी करून सीटवर ठेवलं आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं हिवरखेडला गेला.

मी काही खोटं बोललो नाही ताई. लोखंडाचा आवाज होता, आणि जोडणी त्याचीच होती. कुणालाही हेच वाटलं असतं. तुलाही हेच वाटलं असतं ना? तसं असेल तर लिही. पंखा अजून उघडलेला नाही, उघडावासा वाटत नाही.

भाऊजींना नमस्कार. लोभ सध्या जरा जास्तच असू द्यावा.

चिंतामण

॥ श्री ॥

अकोला,
ता. १३ फेब्रुवारी १९६५

चि. चिंतामणास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि भात करपला तरी उठवेना.

सूर्यभानचा नट नाही रे. माझा बिबा आहे. त्या दिवशी तुम्ही जेवत होतात तेव्हा मी काळ्या दोऱ्यात बिबा ओवून त्या चाळणीला खालच्या अंगानं बांधला, कुणाला दिसू नये असा. लहानपणी तुझ्या दंडाला बांधायची तसाच. वाटलं, माझीच चाळणी आहे, माझंच ऐकेल. तोच सुटून आत गेला असणार. बिबा काय लोखंडापेक्षा कमी टणक असतो?

दृष्ट लागू नये म्हणून बांधला आणि मीच दृष्ट लावली. माझ्या खुळ्या समजुतीपायी त्या पोराच्या तोंडचा घास गेला. आधी इंदूबाई आणि आता हा. माझ्या एका चाळणीनं दोन माणसांवर आळ आणला. तुझे भाऊजी म्हणतात, मन मोठं करून सूर्यभानला कळव. मी तीनदा कागद घेतला आणि ठेवला. त्याला काय लिहू? तुमची भाकर मीच हिसकावली म्हणून? तू वामनरावांना लिही, की दोष माझ्या बहिणीचा आहे. माझं नाव घाल. मला लाज वाटणार नाही.

मला क्षमा कर. आशीर्वाद देतेच आहे, ते लागू पडतात की नाही कोण जाणे.

ताई

॥ श्री ॥

अमरावती,
ता. २२ फेब्रुवारी १९६५

ताई,

मायना लिहायचं धैर्य नाही, रागावू नकोस.

तुझं पत्र येऊन आठवडा झाला. उत्तर दिलं नाही, कारण त्या पत्रानं मला बरं वाटलं होतं. तू रडत बसली असशील हे कळत असूनही बरं वाटलं. दोष द्यायला सूर्यभान नको होता, तर तू मिळालीस. तू तर आपणहून चालत आलीस. मी दोन दिवस चांगला जेवलो. असा मी तुझा भाऊ आहे.

आता ऐक. तू बिबा बांधलास तो चाळणीच्या बाहेरून. चाळणी जागेवर असती तर तो सुटला तरी रस्त्यावर पडला असता. चाळणी जागेवर नव्हती. घाटाच्या पायथ्याशी, सूर्यभानचा ट्रक दिसेनासा झाल्यावर, मीच ती काढली. जाळीनं थोडी हवा अडते, हे माझं गणित. वामनरावांना आणखी थोडा जोर दाखवावा ही माझी हौस. इंजिन चालू होतं. घाईत ओढली तेव्हा काहीतरी तुटल्यासारखं हाताला लागलं. मी बघितलंही नाही, चाळणी सीटखाली सरकवली आणि निघालो.

आणि एवढंच नाही. गाडी मोडल्यावर वामनराव झऱ्याचं पाणी प्यायला गेले, तेव्हा मी चाळणी परत बसवली. सूर्यभानला दिसू नये म्हणून. मग तो आला, त्याच्या देखत नटाचं बोललो. त्यानं पहिल्यांदा चाळणीकडेच बघितलं होतं ताई. ती जागेवर बघून त्याची मान खाली गेली.

काल पंखा उघडला. पात्यांचा चुरा, आणि त्यात बिब्याचं काळं कवच. चाळणी ओढताना दोरा तुटून बिबा पंख्याच्या तोंडाशी अडकला असणार, आणि चौथ्या वळणावर जोर वाढला तेव्हा आत ओढला गेला. चाळणीला गाठ आणि तुटका दोरा अजून आहे. तुझी गाठ पक्की होती.

वामनरावांना आज सगळं खरं लिहून टाकलंय. सूर्यभानला लिहायला बसलो की हात चालत नाही. तू सांगशील ते करीन. लोभ मागायचा हक्क नाही, उरला असेल तर असू दे.

चिंतामण

॥ श्री ॥

अकोला,
ता. २५ फेब्रुवारी १९६५

चिंतामण,

पत्रानं भागायचं नाही. परक्यासमोर बोललास, चारचौघांत फेड. रजा काढ, एस्टीनं अकोल्याला ये, इथून हिवरखेडची गाडी धर. खुशालरावांच्या अंगणात उभा राहून सांग. मी बरोबर येणार नाही, तू माझ्या पदराआड उभा राहशील. येताना चाळणी घेऊन ये, त्याला दाखवायला.

मी मात्र इंदूबाईपाशी जाऊन बोलून आले. ती म्हणाली, मले पहिल्या दिवशीच समजलं होतं बाई, कुलपाचा आवाज येते ना. मी तिच्या ओट्यावर बसून रडले.

जेवून जा. उपाशी पोटी माणूस नीट खरं बोलत नाही.

ताई

॥ श्री ॥

हिवरखेड,
ता. १२ एप्रिल १९६५

ती. सौ. सिंधूताईंना,
सूर्यभानचा शिरसाष्टांग नमस्कार.

शुद्ध लिहाचं ठरवलं होतं, पन दोन ओळीत दमलो. बोलतो तसंच लिहितो, सांभाळून घ्या.

चिंतामण मागच्या महिन्यात आला होता. खुशालदादा, आमच्या घरचे, गडीमानसं, सारे अंगणात होते. त्यानं चाळनी पुढं ठेवली आनी काही न लपवता सांगितलं. दादाले समजाले जरा वेळ लागला, पन समजलं तवा चिंतामण ओट्याआड गेल्ता. मीच दादाले धरलं. राती पार्वताबाईनं, आमच्या मोठ्या वहिनीनं, दोघाले एकाच ताटात वाढलं. तो रडून राहिला होता, मी जेवून राहिलो होतो.

वामनरावांचं पत्र आलं. लिहितात, गैरसमज झाला, पन जागा आता दुसऱ्याले दिली. तवर पाडवाही होऊन गेला होता. मी दादाले शब्द दिला. आता पुढच्या पाडव्यापावतर मी शेतातच. त्याचं मी रडगानं गात नाही. कपाशी काही इंजिनापेक्षा वाईट नाही, फक्त ते बोलत नाही.

तुमी बिब्याचं मनाले लावून घेऊ नका. तुमची गाठ मजबूत होती, चाळनीच्या बाहेर होती. बिबा बांधनाऱ्याचा काय दोष? उलटं मले वाईट वाटलं का आमच्या गाडीले कोनी एवढं जपलं आनी आमाले समजलंही नाही. पुन्हा गाडी झाली तर बिबा जरूर बांधा, पन गाडीले नको, चिंतामणच्या हाताले बांधा. चाळनी काढाची खाज त्याच्या हातालेच हाय.

एक गोष्ट मी त्याले सांगितली नाही, तुमाले सांगतो. मले वामनरावांसमोर बोलल्याचा राग नाही. पन ताई, मी त्याचं खरं मानलं होतं. चिंतामण शिकलेला, तो म्हनते तर राहिलाच असन नट. तो येईपावतर महिनाभर मी एकेक नट मनात कसून पाहिला. हा लावला होता का, तो लावला होता का. एकही ढिला सापडला नाही, तरी मले माह्या हाताचाच भरोसा राहिला नाही. आता खरं समजलं, तरी विहिरीवरच्या इंजिनाचा नट कसला का पुन्हा मागं फिरतो अन् हात लावून पाहतो. दादा हासते. हे त्याले लिहू नका. तो आधीच अर्धा झाला हाय.

भाऊजीले नमस्कार, इंदूबाईले रामराम. ठेचा तिखट करून ठेवा, या खेपेला नाव ठेवनार नाही. तुमची माया अशीच असू द्या, तेवढी मी तपासून पाहत नाही.

तुमचा,
सूर्यभान