कुणाकुणाला विचारलं?

धरमतर, ता. पेण
८ जानेवारी २०२५

चि. सुरभीस, काकाचे आशीर्वाद.

फोनवर तू हसून टाळशील, म्हणून लिहितो. काल नाक्यावर चहाला बसलो होतो, तिथे एक बाई सर्व्हेचा फॉर्म घेऊन आली. पहिलाच प्रश्न: ‘नव्या जेट्टीमुळे गावाचा विकास होईल, याचा तुम्हाला किती आनंद आहे?’ खूप, बराच की थोडा. आनंदच नसेल तर खूण कुठे करू, असं मी विचारलं. ती म्हणाली, ‘थोडा’वर करा.

तळाशी प्रश्न तयार करणारी म्हणून तुझं नाव छापलंय. आपली जाळी लावायची जागा त्या जेट्टीखाली जाणार, हे तुला ठाऊक आहे. शेजारची विमलबाई विचारते, ही आपलीच सुरभी काय गो? तिला म्हटलं, पत्र टाकून विचारतो. खरं काय ते कळव. आशीर्वाद आहेतच, विश्वासाचं तूच सांग.

पोपटकाका

रोहा
१३ जानेवारी २०२५

ती. पोपटकाकांस शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र वाचून दोन दिवस घास गोड लागला नाही. मी लिहिलं होतं: ‘जेट्टी झाल्यास तुमच्या घरच्या कामावर कसा परिणाम होईल?’ चांगला, वाईट, काहीच नाही, सांगता येत नाही. आमच्या संस्थेच्या साहेबांनी ते परस्पर बदललं. विचारायचं होतं खाडीकाठच्या प्रत्येक घरी. फॉर्म भरले फक्त नाक्यावर, दुकानदार आणि ट्रकमालकांकडून. खाडीत जाणारे तुम्ही एकटेच सापडलात.

शनिवारी ग्रामसभेत दोन्ही फॉर्म वाचून दाखवणार आहे. साहेब म्हणाले, मग सोमवारी कामावर येऊ नकोस. तरी सभेला येते. रागवा, पण परकी मानू नका.

तुमची सुरभी

धरमतर
२० मार्च २०२५

चि. सुरभीस, अनेक आशीर्वाद.

तू ग्रामसभेत वाचत होतीस तेव्हा माझी मान खाली होती. त्या दिवशी ठरल्याप्रमाणे तुझ्याच प्रश्नांनी घरोघरी फेरसर्व्हे झाला. कुणी दबाव टाकतंय का, हे बघायला मी मागोमाग हिंडलो. कुणी टाकला नाय.

एकशे बारा घरांपैकी एकसष्ट घरांनी ‘चांगला’ म्हटलं. मी दोनदा मोजायला लावलं. विमलबाईचं घरही त्यातच. तिच्या पोराला, नितेशला, जेट्टीवर काम हवंय. नीट विचारलं की सगळे माझ्यासारखंच बोलतील, असं मी धरून चाललो होतो.

तुझी नोकरी गेली, आता माझी जाळ्याची जागाही जाईल. मोजणीच्या कागदावर साक्षीदाराची सही हवी होती. कुणी पुढे होईना, म्हणून मी केली.

पाडव्याला ये. काकी वाट पाहते, मीही.

तुझा पोपटकाका